मिकी टेबलपाशी आला आणि पोरगं टेबलाखाली गेलं तर? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. सासू-सासरे पुण्याहून आलेत, त्यांना घेऊन ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड करायचंय. सगळे म्हणतात कॅरॅक्टर मील, म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांबरोबरचं जेवण, कराच, मिकी स्वतः टेबलपाशी येतो, फोटो मस्त येतात. पण आमची पोरगी मॉलमध्ये सांताला बघून इतकी रडली होती की आम्हाला लाईन सोडून बाहेर यावं लागलं. आता एवढे पैसे घालून तिकडे पण तसंच झालं तर? सासूबाई म्हणतात लहान आहे, विसरेल, नेऊया. मला झोप लागत नाहीये. — एक आई, एडिसन

उत्तर : अगं, आधी हे सांगते की तुझी पोरगी अजिबात वेगळी नाहीये, या वयाची कितीतरी मुलं अशीच घाबरतात आणि त्यामागे कारण आहे. रेटा डीव्रीस नावाच्या संशोधक बाईंनी १९६९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर होतं. मुलांना आधी मांजर दाखवायचं, हात लावू द्यायचा, मग त्याचं डोकं आडोशाला घेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा घालायचा, शेपटीकडचा भाग मुलांना पूर्ण वेळ दिसतोच आहे, आणि मग विचारायचं की हा आता कोण? तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना वाटलं की मांजराचा खरंच कुत्रा झाला. सहा वर्षांची मुलं मात्र ठाम सांगत होती की मुखवटा घातलाय, आहे मांजरच. म्हणजे तुझ्या मुलीच्या दृष्टीने तो मिकी म्हणजे टीव्हीवरचा वीतभर उंचीचा उंदीर एकदम बाबाएवढा होऊन, न बोलता, न मिटणारे डोळे घेऊन तिच्याकडे चालत येतोय. कोकणात दशावताराला आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेली मुलं बघितली असशील ना, तसंच आहे हे. त्यामुळे "अगं आत माणूस आहे, घाबरतेस काय" हे तिला सांगून उपयोग नाही, उलट उंदराच्या पोटात माणूस हे तिला अजूनच भीतीदायक वाटेल.

आता जावं का? माझं मत, जा. पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून जा, आजी-आजोबांनी सुद्धा, की तिला कुणीही मिकीच्या अंगावर ढकलायचं नाही. "जा ना, हात मिळव ना, एवढ्या लांबून आलोय" हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद. पैसे ती मिकीला मिठी मारते की नाही यावर अवलंबून नाहीत गं, ते तर बसल्या बसल्या लागणारच आहेत, मग निदान जेवण तरी शांतपणे होऊ दे. तिने लांबून नुसता हात हलवला, किंवा तुझ्या खांद्यावरून एक डोळा उघडून बघितलं, तरी तिच्यासाठी तो दिवस भरपूर आहे. आणि तिथली कॅरॅक्टर्स हे चांगलं ओळखतात, मूल बावरलंय दिसलं की ती दूर थांबतात, गुडघ्यावर बसतात, लांबून फ्लाइंग किस देतात आणि पुढच्या टेबलाला जातात, कुणी जबरदस्ती करत नाही. तुम्ही फक्त सर्व्हरला बसतानाच सांगा की हिला जरा भीती वाटते.

बसायचं कसं ते पण महत्त्वाचं आहे. मुलीला कडेला, जायच्या-यायच्या वाटेवर बसवू नका, कारण कॅरॅक्टर बरेचदा मागून येतं आणि अचानक खांद्यापाशी एवढं मोठं डोकं दिसलं की मोठ्यांचाही थरकाप होतो. तिला भिंतीच्या बाजूला बसवा, शेजारी तू किंवा बाबा, आणि तो येताना लांबूनच दाखवा, "तो बघ, तिकडच्या बाळाशी खेळतोय". मग तो आपल्या टेबलपाशी आला की आधी तुम्ही मोठ्यांनी उठून त्याच्याशी हसून भेटा, आजोबांनी हात मिळवला, आजीने टाळी दिली, हे तिने बघितलं की ती तुमच्या चेहऱ्यावरून ठरवते की हे प्रकरण धोक्याचं आहे का. लहान मुलं असंच करतात, अनोळखी काही दिसलं की आधी आईचं तोंड वाचतात. तू टेन्शनमध्ये कॅमेरा धरून बसलीस तर तेच तिला कळणार.

घरी आत्तापासून युट्युबवर या जेवणांचे लोकांनी काढलेले साधे व्हिडिओ दाखव, कार्टून नाही, ते खरेखुरे मोठे कपडे घातलेले मिकी-गूफी दिसणारे व्हिडिओ, म्हणजे आकाराची सवय होते. आणि तिला तीन पर्याय शिकवून ठेव, लांबून टाटा, टाळी, किंवा नुसतं बघणं, आणि त्यातलं काय करायचं ते तीच ठरवणार. आणि पहिली गाठ जेवणाच्या टेबलवर नको. मॅजिक किंगडम या डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये आधी परेड बघा लांबून, मेन स्ट्रीटच्या सुरुवातीला टाउन स्क्वेअर थिएटर आहे तिथे मिकी भेटतो, पार्कच्या तिकिटात येतं ते, वेगळे पैसे नाहीत. तिथे लाईनमध्ये ती दुसऱ्या मुलांना भेटताना बघेल, आणि तिला नको असलं तर तुम्ही सरळ दाराबाहेर, काहीही वाया गेलं नाही.

आता जागा. तुझ्या मुलीसाठी मी एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कमधलं गार्डन ग्रिल निवडेन. छोटं आहे, बसल्या जागी जेवण आणून देतात म्हणजे ताट घेऊन उठायची भानगड नाही, आणि पूर्ण रेस्टॉरंटची जमीन हळूहळू फिरते, तुम्हाला खाली बोट राइडमधले देखावे दिसत राहतात. तिथे मिकी, प्लूटो, चिप आणि डेल असतात आणि जागा लहान असल्याने ते परत परत येतात, म्हणजे पहिल्या फेरीला घाबरलेलं मूल तिसऱ्या फेरीला हात हलवू शकतं, मोठ्या बुफेत अशी संधी कमी मिळते. डिस्नेच्याच कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज सगळ्यात प्रसिद्ध आहे आणि डोक्यावरून मोनोरेल जाते त्यामुळे ट्रेनवेड्या मुलांना स्वर्ग, पण तिथे मध्येच म्युझिक मोठ्याने लागतं आणि सगळे नॅपकिन गरागरा फिरवतात, आवाजाला बिचकणाऱ्या मुलीला आणि प्रवासाने दमलेल्या आजी-आजोबांना ते जड जाईल. आणि स्नो व्हाइटचं जे रात्रीचं जेवण आहे, आर्टिस्ट पॉइंटला, तिथे दुष्ट राणी पण असते, ती टेबलपाशी येत नाही, शेवटी फोटोला भेटते, पण ते या वर्षी नकोच.

अजून एक फायदा आहे तुमचा, मुलगी पावणेतीनची आहे, तीनच्या आतल्या मुलाचे या जेवणाला पैसे लागत नाहीत. ३ ते ९ लहान मुलांचा दर, १० पासून मोठ्यांचा. त्यामुळे वाढदिवसाच्या आधी जमत असेल तर आधीच जा, पार्कचं तिकीटसुद्धा तीनच्या आतल्यांना लागत नाही.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, मुलाकडे अमेरिकेत आलेय. सून म्हणते नातवासाठी डिस्नेला सकाळचा नाश्ता मिकीबरोबर बुक केलाय. मी आणि हे दोघंही शाकाहारी, अंडं पण नाही. एवढे डॉलर आमच्या दोघांचे पण लागणार आणि आम्ही खाणार काय, नुसती फळं? आम्ही बाहेर बसलो तर चालेल का? सुनेला वाईट वाटेल असं पण वाटतं. — एक आजी

उत्तर : काकू, तुमची काळजी अगदी रास्त आहे. दर माणशी ठरलेला असतो, खाल्लं किती ते बघत नाहीत, म्हणजे तुम्ही दोन इडल्यांएवढंच खाल्लंत तरी पूर्ण पैसे, वर टॅक्स, वर टिप, आणि माणसं जास्त असली तर १८ टक्के टिप बिलातच लावून येते. पण तुम्ही बाहेर बसू नका असं मला मनापासून वाटतं. नातू त्या दिवशी आधी आजी-आजोबा कुठे आहेत तेच बघणार, आणि पुढे वर्षानुवर्षं घरात तोच फोटो राहणार, त्यात तुम्ही हव्यात.

खायचं म्हणाल तर सुनेला सांगा की बुकिंग करतानाच खाण्याचं पथ्य लिहायची सोय असते, तिथे लिहून टाक, आणि बसल्यावर सर्व्हरला परत सांगायचं की मांस, मासे, अंडं काहीच नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, तिकडे व्हेजिटेरियनमध्ये अंडं धरतात, "नो एग्ज" वेगळं म्हणावं लागतं. गरज पडली तर शेफ स्वतः टेबलपाशी येऊन विचारतात आणि वेगळं करून देतात, हे तिथे नेहमीचं आहे, संकोच नको. मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॅफल असतात ते नातू मागणारच, पण त्याच्या पिठात अंडं असतं, तुम्ही बिनअंड्याचं किंवा वीगन आहे का विचारा. बुफे असेल तर बेकनचा चिमटा पलीकडच्या बटाट्यात जातो, त्यामुळे तुमचं ताट आतून मागवलेलं बरं.

आणि मुलाला विचारून बघा, नाश्त्याऐवजी अ‍ॅनिमल किंगडम पार्कमधलं टस्कर हाऊस दुपारचं जमतंय का, डोनाल्ड, डेझी, मिकी, गूफी असतात आणि जेवण आफ्रिकी वळणाचं, मसाल्याचं, भाज्या आणि भात तिथे आपल्या जिभेला जास्त जवळचा वाटतो. बाकी दिवसभरासाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या घेऊन जा की खुशाल, डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये घरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. बाळाचा मऊ भात, खिमट पण चालतं.

सून एवढं आठवणीने तुम्हाला धरून बुक करतेय ना, तिला एकदा सांगा की मला आवडलं. पथ्याचं बोलणं मग सोपं जातं.

प्रश्न : डॅलसहून एक बाबा. मुलगी सात, मुलगा पाच. मुलीला डिस्ने वर्ल्डमध्ये प्रिन्सेसबरोबरचं जेवण हवंय. मुलाला पण हवंय, खरं म्हणजे त्यालाच जास्त, पण घरच्यांचं म्हणणं आहे मुलाला कशाला तिथे, तो आणि बाबा दुसरीकडे जा. आणि बुकिंग मिळतच नाहीये, काय करू?

उत्तर : मुलाला घेऊन जा, यात विचार करण्यासारखं काही नाही. पाच वर्षांचं पोर ज्या गोष्टीतल्या माणसाला भेटायला आसुसलंय त्याला सांगायचं की ती तुझ्यासाठी नाही, हे कशासाठी? प्रिन्सेस बोलतात, मिकी-गूफीसारख्या मुक्या नसतात, त्यामुळे गप्पा मारणाऱ्या मुलांना त्यांच्याबरोबर जास्त मजा येते. त्याला विचारायला दोन प्रश्न घरून ठरवून ने म्हणावं, त्या गोष्टीतली राजकन्या असल्यासारखीच उत्तरं देतात.

मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल सगळ्यांना हवं असतं म्हणून मिळत नाही आणि ते महाग पण सगळ्यात आहे. एपकॉटमध्ये नॉर्वेच्या भागात आकर्सहूस म्हणून रेस्टॉरंट आहे, तिथेही राजकन्या टेबलपाशी येतात, पैसे कमी, आणि माझ्या मते मुलांना फरक पडत नाही, किल्ला बाहेरून बघायला मिळतोच. बुकिंग ६० दिवस आधी पहाटे उघडतं आणि तो वेळ फ्लोरिडाचा, म्हणजे तुमच्या डॅलसला एक तास अजून आधी, ते लक्षात ठेवा. डिस्नेच्याच हॉटेलात राहणार असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी एकदम पुढच्या १० दिवसांपर्यंतचं बुक करता येतं, म्हणून ट्रिपच्या शेवटच्या दिवसांवर नेम धरा, तिथे बाहेरच्यांची गर्दी अजून पोचलेली नसते. आणि आत्ता नाही मिळालं तर सोडून देऊ नका, लोक प्लॅन बदलतात, जायच्या आदल्या एक-दोन दिवसांत आणि त्याच सकाळी अ‍ॅपवर जागा सुटतात, कारण ऐनवेळी न आल्यास दर माणशी १० डॉलर कापतात म्हणून लोक वेळेत कॅन्सल करतात. पार्कच्या आतल्या जागेला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच, हॉटेलातल्या जागेला लागत नाही, म्हणून मी नेहमी सांगते की हॉटेलातलं जेवण पार्कला न जायच्या दिवशी ठेवा, मुलं दमत नाहीत आणि तिकिटाचा दिवस वाया जात नाही.

वेळ कुठली? मुलांच्या झोपेची वेळ सोडून कुठलीही. रात्री साडेआठचं मिळालं म्हणून घेऊ नका, ताटात डोकं ठेवून झोपतील. मला सकाळचं उशिराचं आवडतं, दहा-साडेदहा, आधी हॉटेलवर दूध-बिस्कीट देऊन न्यायचं, म्हणजे भुकेने चिडचिड नाही आणि तेच दुपारचं जेवण होऊन जातं.

प्रश्न : ताई पटकन सांगा, ऑटोग्राफ बुक न्यावं का, आणि बुफे घ्यायला गेलो आणि तेवढ्यात कॅरॅक्टर येऊन गेलं तर? — फोनिक्स

उत्तर : बुक न्या, पण पेन जाड न्या, त्या मोठ्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. पान उघडून, टोपण काढून तयार ठेवा. अंगातल्या कपड्यावर सही करत नाहीत, त्यामुळे टी-शर्टवर हवी असेल तर जास्तीचा वेगळा आणा. घाबरणाऱ्या मुलांना तर हे पुस्तक फार उपयोगी पडतं, मूल पुस्तक पुढे करतं, कॅरॅक्टर सही करतं, मध्ये अंतर राहतं आणि तरी भेट होते.

बुफेला दोघांनी एकदम कधीच उठू नका, एक मोठं माणूस कायम टेबलवर. आल्या आल्या सर्व्हरला विचारा की आत्ता कोण कुठल्या टेबलपाशी आहे, मग आपल्याकडे यायला वेळ असेल तेव्हा एकजण ताटं भरून आणेल. तरीही एखादं चुकलं तर गप्प बसून बिल भरू नका, कॅरॅक्टरबरोबर एक मदतनीस फिरत असतो त्याला किंवा सर्व्हरला सांगा, परत पाठवायचा प्रयत्न करतात.