जनुकीय अहवालातील ९२ पर्सेंटाइल आणि स्टॅटिनचा निर्णय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३८, राहणे डोंबिवलीत, नोकरी अंधेरीत, ऑफिसच्या आरोग्य तपासणीत लाळेच्या नमुन्यावरून जनुकीय अहवाल मिळाला आणि त्यात हृदयाच्या धमन्यांच्या आजारासमोर ‘९२ पर्सेंटाइल, धोका जास्त’ असा शेरा आहे. वडिलांना ५४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, लगेच सुरू करावे का, आणि धाकट्या बहिणीचीही हीच तपासणी करून घ्यावी का, हे आपण विचारले आहे. मी मुंबईत पंचवीसेक वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आणि अलीकडे असे रंगीत अहवाल माझ्या टेबलावर वरचेवर येतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याजवळ असलेल्या दोन गोष्टींपैकी आज जास्त वजन वडिलांच्या वयाला आहे, अहवालातल्या आकड्याला नाही.

पर्सेंटाइल या शब्दाचा अर्थ ज्या घरात सीईटी दिलेले मूल आहे तिथे नव्याने सांगावा लागत नाही. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत, तसाच तो ९२ टक्के धोकाही नव्हे. शंभर माणसे जनुकीय धोक्याच्या गुणांकाप्रमाणे रांगेत उभी केली तर आपण पुढच्या आठ-नऊ जणांत आहात, एवढेच तो आकडा सांगतो. ती रांग कोणाची हे मात्र अहवालात बहुधा बारीक अक्षरांत असते किंवा मुळीच नसते. निव्वळ हिशेब समजण्यासाठी असे धरा की आपल्या वयाच्या माणसाला दहा वर्षांत हार्ट अटॅक येण्याची शक्यता शंभरात दोन आहे आणि गुणांकामुळे ती दुप्पट झाली. तरीही ती शंभरात चारच होते. अहवालाच्या मुखपृष्ठावर लाल पट्ट्यात शिरलेला काटा पाहून हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि छापणाऱ्यांना ते लक्षात यावे अशी घाई असावी असेही मला वाटत नाही.

आता हा गुणांक येतो कुठून ते पाहू. लाखो लोकांचे जनुकीय नमुने आणि त्यांचे आजार यांची तुलना करून, आजारी माणसांत किंचित अधिक आढळणारे बारीक फरक शोधले जातात, आणि प्रत्येक फरकाला एक छोटेसे वजन देऊन त्यांची बेरीज केली जाते. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा सुमारे ६६ लाख फरकांची बेरीज करून दाखवले की ब्रिटनच्या यूके बायोबँकेतील (लोकांचे नमुने आणि आरोग्याच्या नोंदी साठवणाऱ्या प्रकल्पातील) आठ टक्के लोकांचा धमन्यांच्या आजाराचा धोका इतरांच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक आहे. त्या निष्कर्षाने मीही प्रभावित झालो होतो. पण त्या बायोबँकेतले पाच लाख लोक बहुतांश युरोपीय वंशाचे आहेत, आणि २०१९ मध्ये झालेल्या एका मोजदादीत जगभरच्या अशा अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे निघाले. त्याच वेळी हेही दिसले की हे गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावले की त्यांची अचूकता ठळकपणे घटते.

कारण समजायला सोपे आहे. मोजलेला फरक हा बहुतेक वेळा आजाराचे खरे कारण नसतो. तो खऱ्या कारणाच्या शेजारी राहणारा असतो. गिरगावात जुनी माणसे अजूनही ‘मॅजेस्टिक टॉकीजसमोर’ असा पत्ता सांगतात. टॉकीज कधीच पाडली गेली, तरी खूण ओळखणाऱ्याला घर सापडते. बाहेरचा माणूस मात्र शोधतच राहतो. एका लोकसमूहात जी खूण खऱ्या कारणाजवळ असते, ती दुसऱ्या समूहात तशी जवळ असतेच असे नाही, आणि आपल्याकडे तर पिढ्यान् पिढ्या जातीतल्या जातीत लग्ने होत आल्यामुळे एकाच शहरात अशा अनेक निरनिराळ्या वस्त्या आहेत. जिनोम इंडिया प्रकल्पाने देशातील दहा हजार लोकांचे जिनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु गुणांक तयार करायला नुसते जिनोम पुरत नाहीत. लाखो लोक आणि त्यांच्या आजारांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि आपल्याकडे केस पेपर हरवणे ही नित्याची बाब आहे.

एक रुग्ण सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय ४६, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल २३८, फारच जास्त. मी लिहून दिलेली गोळी त्यांनी आठ महिने घेतली आणि मग एका खासगी कंपनीचा अहवाल पुढे ठेवला: ‘हृदयविकाराचा जनुकीय धोका: कमी’. गोळी बंद केली, असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मला खोटे पाडल्याचा सौम्य आनंद होता. मी त्यांना मोजे काढायला सांगितले. टाचेच्या मागची कंडरा, जी बोटांत धरल्यावर दोरीसारखी बारीक लागायला हवी, ती करंगळीएवढी जाड आणि गाठाळ होती. हे कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचे लक्षण. हा आजार एकाच जनुकातील मोठ्या बिघाडाने होतो, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आणि त्या अहवालातल्या बेरजेत तो जनुक अशा दुर्मीळ बिघाडासाठी तपासलेलाच नव्हता. अहवाल खोटा नव्हता. त्याने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. गृहस्थांच्या चौदा वर्षांच्या मुलीचे एलडीएलही १९० च्या वर निघाले. म्हणून सांगतो, ‘जास्त’ या शेऱ्यापेक्षा ‘कमी’ या शेऱ्याची मला अधिक भीती वाटते.

मग या गुणांकाचा उपयोगच नाही का? आहे, पण मर्यादित. २०२० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील लोकांवरचे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवरून काढलेल्या नेहमीच्या अंदाजात जनुकीय गुणांक मिळवल्यावर अंदाज फारसा सुधारत नाही, असे दोन्हींत दिसले. तरुणपणी, जेव्हा बाकीचे आकडे अजून बिघडलेले नसतात आणि गोळी द्यावी की न द्यावी अशी खरोखरच दोलायमान स्थिती असते, तेव्हा उच्च गुणांकाने पारडे गोळीकडे झुकवायला माझी हरकत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये अशा मधल्या धोक्याच्या दोनशे लोकांवर प्रयोग झाला. ज्यांना जनुकीय धोकाही सांगितला त्यांचे एलडीएल सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा कमी होते, मात्र मुख्यतः स्टॅटिन अधिक जणांनी सुरू केल्यामुळे. आहार आणि व्यायाम यांत फरक पडला नाही. धोका कळला की माणूस वडापाव सोडतो हा आम्हा डॉक्टरांचा आवडता भ्रम आहे.

गुणांकाचा मला सर्वांत पटलेला उपयोग भविष्य सांगण्याचा नाहीच. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या मधुमेही रुग्णांवरील अभ्यासात, टाइप १ मधुमेहाचा जनुकीय गुणांक वापरून टाइप १ आणि टाइप २ यांत फरक करता येतो, असे २०२० मध्ये दिसून आले. आपल्याकडे सडपातळ तरुणालाही टाइप २ होतो, त्यामुळे इन्सुलिन जन्मभर लागणार की गोळ्या चालतील हा ओपीडीतला रोजचा पेच असतो. तिथे ही मदत मोलाची आहे.

आता आपल्याविषयी. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत हृदयविकार झाला तर तो अकाली समजतात. आपले वडील त्या रेषेच्या आत येतात. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतील साखरेची सरासरी), दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब, कमरेचा घेर आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण), एवढे करून घ्यावे. लिपोप्रोटीन-ए जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आपल्या लोकांत ते वाढलेले अनेकदा आढळते, आणि या एका रक्तचाचणीतून हातात काही ठोस येते. हृदयाच्या धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजणाऱ्या कॅल्शियम स्कोअरच्या सीटी स्कॅनची घाई नको, कारण ३८ व्या वर्षी तो शून्य आला तरी निश्चिंत होण्याजोगे त्यात फारसे नसते. बहिणीला लाळ नको, लिपिड प्रोफाइल पुरे. आपले एलडीएल १९० च्या वर निघाले तर मात्र दोघांनाही त्या एका जनुकाच्या तपासणीसाठी पाठवावे लागेल. विमा अजून घेतला नसेल तर प्रस्तावपत्रातील प्रश्न नीट वाचून खरी उत्तरे द्या. जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा, अमेरिकेतील २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तिकडचा कायदाही आयुर्विम्याला लागू नाही.

डॉक्टरांकडे जाताना जनुकीय अहवाल न्या, पण त्याच्या वर वडिलांची त्या वेळची फाइल ठेवा. अँजिओग्राफीत किती धमन्या बंद होत्या, ते तंबाखू किंवा सिगारेट घेत होते का, साखर होती का, हे त्यात असेल. नसेल तर आईला विचारून एका कागदावर लिहून न्या.