लघवीतलं एनएजी मोजायला घेताय, तर आधी सॅम्पल सांभाळा

लघवीतल्या एन्झाइमांच्या तपासण्या एनएजीपासून (एन-अ‍ॅसिटिल-बीटा-डी-ग्लुकोसामिनिडेज) सुरू करताय ते उत्तमच. हे एन्झाइम बरंच मोठं, सुमारे 1,30,000 डाल्टनचं. रक्तातलं एनएजी मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहसा खाली उतरत नाही. त्यामुळे लघवीत ते वाढलं की बहुतेक वेळा मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींना इजा झालेली असते. जेंटामायसिन (मूत्रपिंडाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक) चालू असलेल्या रुग्णात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारा टाकाऊ पदार्थ) चढण्याआधीच एनएजी वर जाऊ शकतं. मला या तपासणीचं खरं मोल तिथेच वाटतं.

सॅम्पल आलं की लगेच सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं स्वच्छ द्रव घ्या. पीएच बघाच. लघवी 8च्या वर क्षारीय असेल तर एनएजीची क्रिया घटते आणि आकडा फसवा कमी येतो. जीजीटीही (गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज, लघवीतलं दुसरं एन्झाइम) करायचं असेल तर सॅम्पल उणे 20 अंशांना गोठवू नका, त्याची क्रिया बरीच जाते. 4 अंशांना ठेवून त्याच दिवशी उरका.

पी-नायट्रोफेनॉलच्या पद्धतीत एनएजी सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन) फोडून पी-नायट्रोफेनॉल सोडतं. शेवटी क्षारीय बफर टाकला की ही क्रिया थांबते आणि पिवळा रंग खुलतो, तो 405 नॅनोमीटरला वाचायचा. पण लघवीही पिवळीच! म्हणून प्रत्येक सॅम्पलचा वेगळा ब्लँक (लघवीचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठीची नळी) लावा. त्यात बफर आधी घाला, सबस्ट्रेट नंतर. हा कंटाळा कृपा करून करू नका.

निकाल क्रिएटिनिनच्या प्रमाणातच द्या, नाहीतर भरपूर पाणी प्यायलेला माणूस उगाच निरोगी ठरतो. मधुमेहातही एनएजी वाढतं, तेव्हा एका आकड्यावरून डॉक्टरांना काही ठामपणे कळवू नका. काही दिवसांनी पुन्हा सॅम्पल मागवा.