पंधरा वर्षांपूर्वी वाचलेल्या हॅरी पॉटर फॅनफिकचं (चाहत्यांनी लिहिलेल्या कथेचं) नाव विसरलोय. ती कशी शोधू, आणि सापडली तर परत हरवू नये म्हणून काय करू?

नाव आठवत नाही, पण हॅरीच्या वडिलांचा मित्र ल्यूपिन त्याला लहानपणापासून सांभाळतो एवढं आठवतंय म्हणता ना? मग आशा आहे. २००८च्या सुमारास कॉलेजात असताना मी रात्र रात्र फॅनफिक्शन डॉट नेटवर पडीक असायचे. तेव्हाच्या निम्म्या कथांची नावं मलाही सांगता येणार नाहीत. प्रसंग मात्र लख्ख आठवतात.

गूगलवर फार वेळ घालवू नका. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे एओथ्री या फॅनफिकच्या साइटवरच्या बऱ्याच कथा लेखकांनी फक्त सभासदांसाठी ठेवलेल्या असतात, त्या गूगलला दिसतच नाहीत. आधी तिथे खातं काढा. त्यासाठी आमंत्रण मागावं लागतं, थोडी वाट बघावी लागते. मग ल्यूपिन आणि हॅरी ही पात्रं निवडून तारखेची चाळणी लावा. तुमची कथा मुळात दुसरीकडे असली तरी बघा, कारण बंद पडलेले जुने संग्रह ‘ओपन डोअर्स’ या प्रकल्पातून एओथ्रीवर आणले जातात. फिक्शनअ‍ॅली हा हॅरी पॉटर कथांचा जुना संग्रह तसाच तिथे पोचला.

यातून नाही मिळाली तर कथा सोडा, माणसं शोधा. माझ्या हाताला बहुतेक कथा अशाच लागल्या आहेत. त्याच काळात वाचलेली, नाव आठवणारी दुसरी एखादी कथा घ्या. फॅनफिक्शन डॉट नेटवर तिचे अभिप्राय उघडा आणि भरभरून लिहिणाऱ्यांच्या नावांवर क्लिक करत जा. प्रत्येकाच्या पानावर त्याच्या आवडत्या कथांची यादी असते. तुमच्यासारखीच आवड असलेला एक वाचक सापडला की अर्धं काम झालं. एओथ्रीवर तर कथा कोणी कोणी बुकमार्क केलीय तेच दिसतं, तिथून त्यांचे बाकीचे बुकमार्क चाळायचे. दोन-तीन संध्याकाळी जातील, आणि वाटेत भलतंच काही वाचत बसाल ते वेगळं.

आता जपून ठेवण्याचं. एके काळी फॅनफिकवाल्यांचा सगळा जीव डिलिशस या बुकमार्क साठवायच्या साइटवर होता. जोडी, लांबी, शेवट गोड की कडू, सगळ्याचे टॅग लावून लोकांनी हजारो खुणा करून ठेवल्या होत्या. २०१०च्या डिसेंबरात याहू ते बंद करणार अशी बातमी फुटली, २०११मध्ये ते विकलं गेलं, आणि नव्या मालकांनी केलेल्या बदलांत त्या टॅगांची पार वाट लागली. मग बरेचजण पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या साइटवर गेले. पिनबोर्डच्या मालकाने काय काय हवंय असं विचारलं, तर या मंडळींनी मिळून मागण्यांचा भलामोठा दस्तऐवज लिहून दिला! पुढे २०१७मध्ये त्याच पिनबोर्डने डिलिशस विकत घेतलं.

माझी चूक साधी होती. मी फक्त लिंक साठवत गेले. एओथ्रीवर लेखकाने कथा काढून टाकली की तुमचा बुकमार्क उरतो, पण त्यात कथा काढली गेल्याची एक ओळ तेवढी दिसते, नाव नाही की लेखक नाही. माझ्याकडे असे एकवीस बुकमार्क आहेत आणि ते कशाचे होते, देव जाणे. म्हणून बुकमार्कच्या टिपेत नाव, लेखक आणि कथेत काय घडतं याच्या दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. इतरांना दाखवायचं नसेल तर बुकमार्क खासगी ठेवता येतो. आणि कथा खरंच आवडली असेल तर त्याच दिवशी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून घ्या, एओथ्रीवर तसं बटणच आहे.

जुना पत्ता हाताशी असेल तर वेबॅक मशीन या, वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर टाकून बघा. फक्त फॅनफिक्शन डॉट नेटवर प्रत्येक प्रकरणाचं पान वेगळं, त्यामुळे मला एका कथेची पहिली नऊ प्रकरणं मिळाली आणि दहावं आजतागायत नाही. लेखकाने स्वतःहून काढलेली कथा अशी मिळाली तर स्वतःपुरती ठेवा, ड्राइव्हवर टाकून वाटत सुटू नका.

ती ल्यूपिनवाली मिळाली तर मला नाव कळवा. वर्णनावरून मीही ती वाचली असावी असं वाटतंय.