तुळईत खिळे आहेत, स्टोरी आहे का?

प्रश्न : सर, आमचा जुना वाडा पाडला, त्यातल्या सागाच्या दोन तुळया ठेवून घेतल्यात आणि परसातला फणस पाडावा लागला त्याचंही खोड आहे. या सगळ्याचं मिळून डायनिंग टेबल करायचंय. एक डिझायनर मॅडम म्हणतात लाकडाची स्टोरी जपूया, खिळ्यांची भोकं, चिरा सगळं तसंच ठेवूया. आमचे मिस्त्री म्हणतात रंधा मारतो, वर सनमायका लावतो, एकदम नवं दिसेल. मॅडमचा रेट दुप्पट आहे. स्टोरीचे पैसे द्यायचे का? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : सनमायकाच लावायचा असेल तर तुळई कशाला कापताय, प्लाय आणा आणि तुळई विकून टाका, जुन्या सागाला गिऱ्हाईक हुडकत बसावं लागत नाही.

आता मॅडमना एकच विचारा, ही तुळई नसती आणि बाजारातला नवा साग असता तर तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय बदललं असतं? काहीच नाही म्हणाल्या तर स्टोरी फक्त बिलात आहे. पण समजा म्हणाल्या की तुळईवर वासे बसवायच्या खाचा आहेत त्या बघून पायांची जागा ठरवली, किंवा लांबी तुळईच्या चांगल्या भागावरनं काढली, तर बाई लाकूड बघून काम करतायत, द्या पैसे.

चिरेचं म्हणाल तर जॉर्ज नाकाशिमा हे नाव त्यांना नक्की माहीत असणार. हा जपानी वंशाचा अमेरिकन माणूस, आधी आर्किटेक्ट, १९३० च्या दशकाच्या शेवटी पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होता, पुढं १९६४ ला अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन गेला. तो फळीची चीर झाकायचा नाही, तिच्यावर आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी, म्हणजे दोन्ही बाजू धरून ठेवणारा तुकडा, बसवायचा, त्यानं चीर पुढं पळत नाही आणि दिसतेही. झाडाची नैसर्गिक कडसुद्धा बऱ्याचदा तशीच ठेवायचा. नुसती चीर उघडी सोडून दिली तर त्याला डिझाइन म्हणायचं नाही, ते अर्धं काम.

भोकांच्या बाबतीत मात्र मी मिस्त्रींच्या बाजूनं. जेवायचं टेबल आहे, तांबडा रस्सा सांडणार, आणि भोकात गेलेला रस्सा कोण काढत बसणार? काळ्या इपॉक्सीनं, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिननं, भरून घ्या, खिळा कुठं होता ते तरीही दिसतं. आणि करवतीला घालायच्या आधी तुळईवर लोहचुंबक फिरवायला लावा हं, आत तुटलेला एक खिळा राहिला तरी पात्याची वाट लागते आणि मग मिस्त्री सगळा राग तुमच्यावर काढणार.

फणस या टेबलात घालू नका, निदान आत्ता तरी. साग इतकी वर्षं छपराखाली वाळलाय, फणस अजून ओला आहे, दोन्ही एकाच टॉपमध्ये जोडले तर फणस वाळताना आकसणार आणि सांधा उघडणार. त्याच्या फळ्या काढून, मध्ये पट्ट्या देऊन, सावलीत वारं लागेल अशा रचून ठेवा, इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. मग त्याची स्टुलं करा. ताजा असताना पिवळाधमक दिसतो, उजेडानं हळूहळू तपकिरी होत जातो, म्हणून आत्ताचा रंग बघून पॉलिश ठरवू नका.

अजून एक, टॉप खालच्या फ्रेमला घट्ट स्क्रूनं आवळू देऊ नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि आपल्याकडं जुलैतली हवा नि एप्रिलमधली हवा म्हणजे दोन वेगळी गावं. स्क्रूची भोकं लांबट ठेवायची म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते. हे मॅडमच्या ड्रॉइंगमध्ये आहे का बघा, मला विचाराल तर रेट दुप्पट का याचं उत्तर इथंच कळेल.

प्रश्न : खुर्चीच्या बैठकीला आपल्या कोल्हापुरी चप्पलचं चामडं चालेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चालेल, पण तळाचं जाड नको, ते दुमडत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वापरून वापरून रंग गडद होत जातो, दिसतं भारी. बसून बसून ताणतं मात्र, म्हणून मागून आवळता येईल अशी वादी ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरते, कोरड्या फडक्यानं पुसत राहायचं आणि खुर्ची भिंतीला चिकटून ठेवायची नाही.