घरी केलेला केक आणि नानकटाई किती दिवस टिकतात?

साधा स्पंज केक बंद डब्यात बाहेर दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर टिकतो. नानकटाई किंवा बिस्किटं पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरली तर दोन-तीन आठवडे छान राहतात. फरक ओलाव्याचा आहे. बिस्किटात पाणी जेमतेम ५ टक्क्यांपर्यंत असतं, केकमध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून बिस्किटं सहसा बुरशीने जात नाहीत, आधी सादळतात, मग त्यातलं तूप खवट होतं. सादळलेली बिस्किटं मंद ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवली की पुन्हा खुसखुशीत होतात. खवट वास आला तर मात्र टाकूनच द्या. फ्रीजमध्ये केक कोरडा पडतो, तेव्हा नीट गुंडाळून ठेवा आणि खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने चालतो.

हे अंदाज साध्या केकचे आहेत. केळं, गाजर घातलेला केक लवकर खराब होतो, आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बाहेर दीड-दोन दिवसच धरा. ताज्या क्रीमचा केक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसांत संपवा. उलट भरपूर साखर, सुका मेवा आणि रम घातलेला नाताळचा फ्रूटकेक महिनाभर सहज राहतो. एका कोपऱ्यावर बुरशी दिसली तरी तेवढाच भाग कापून उरलेला केक मुलांना देऊ नका, तिचे तंतू आत दिसत नाहीत.