मोठ्या कॉलेजचा बाक की लहान कॉलेजचं कोर्ट?

प्रिय ताई,

न्यू जर्सीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावीत आहे, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, म्हणून खेळतो. एक नामांकित विद्यापीठ 'ये, पण जागा मिळवावी लागेल' म्हणतंय. एक लहान कॉलेज पूर्ण शिष्यवृत्ती देतंय आणि पहिल्या वर्षापासून खेळवायला तयार आहे. मुलाच्या बाबांचं मत असं, की गुणी पोरं गोळा करणारे संघच जिंकतात, तेव्हा तिथेच जावं.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत 2012 मध्ये केंटकी आणि 2015 मध्ये ड्यूक ही विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोरावर विजेती ठरली. पण त्याच स्पर्धेचा 2025 चा उपांत्य सामना आठवा. ड्यूककडे कूपर फ्लॅग होता. त्याच्यासह पहिल्या वर्षाचे तिघे सुरुवातीच्या पाचांत होते आणि पुढे एनबीए या व्यावसायिक लीगसाठीच्या निवडीत तिघेही पहिल्या दहांत निवडले गेले. चौदा गुणांची आघाडी घेऊनही ते ह्यूस्टनकडून 70-67 असे हरले. अखेरच्या वीस सेकंदांत दोन्ही फ्री थ्रो टाकून ह्यूस्टनला पुढे नेणारा जे'वॉन रॉबर्ट्स त्या कॉलेजात सहाव्या वर्षी खेळत होता. अशा क्षणी हात न थरथरणं वर्षानुवर्षं खेळूनच येतं.

अंतिम सामन्यात ह्यूस्टनला 65-63 ने हरवणाऱ्या फ्लोरिडाचं उदाहरण तर थेट तुमच्या घरचं आहे. त्यांच्या सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे आधी दुसऱ्या कॉलेजांतून खेळले होते. वॉल्टर क्लेटन दोन वर्षं आयोना या लहान कॉलेजात भरपूर खेळला आणि मग फ्लोरिडात आला.

2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदललं तर वर्षभर सामन्यांबाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे प्रशिक्षक अठरा वर्षांच्या मुलाला घडवत बसण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी आणतात. पूर्वी अनुभव संघातच पिकायचा, आता तो बाहेरून आणतात. याचा फटका तुमच्या मुलासारख्यांना बसतो: मोठ्या संघात तो दुसऱ्या वर्षाची वाट बघेल आणि त्याच जागेवर नवा गडी येईल. मला याची खरंच काळजी वाटते, कारण बाकावर घालवलेलं वर्ष परत मिळत नाही.

म्हणून माझं मत लहान कॉलेजकडे झुकतं, त्याला हवा तो अभ्यासक्रम तिथे असेल तर. तो नसेल तर मात्र फक्त खेळासाठी जाऊ नये.

दोन्ही प्रशिक्षकांना मुलानेच विचारू द्या: गेल्या दोन वर्षांत बाहेरून किती गार्ड आणले? पहिल्या वर्षाचे गार्ड सामन्यात सरासरी किती मिनिटं खेळले? शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची, हे लेखी घ्या. पुढे कॉलेज बदललं तर अभ्यासाची किती क्रेडिट धरली जातात, तेही विचारा. उत्तरं आली की मला कळवा, सही करण्याआधी आपण एकदा बोलू.