मुलीला अभ्यासासाठी टॅब द्यावा का? कोणती अ‍ॅप्स सुरक्षित आणि रोज किती वेळ?

विचारणारे साताऱ्याचे आहेत, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. टॅब घ्यायचं जवळजवळ ठरलंय. त्यात काय टाकावं, कुलूप कुठलं लावावं आणि रोज किती वेळ द्यावा, एवढंच त्यांना हवंय. अ‍ॅपच्या याद्या इतरांनी दिल्यात, त्या बघा. मी लिहायला बसलो कारण इथल्याच एका उत्तरात एका गृहस्थांनी लिहिलंय, "ऐकत नसेल तर एक ठेवून द्यायची आणि फोन कपाटात टाकायचा." ते वाचलं आणि राहवेना.

मी एक ठेवून दिली होती. पुढं काय झालं ते सांगतो.

सांगलीत गावभागात आमचं घर, मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो. २०२० ला पोरगं चौथीत. शाळा मोबाईलवर आणि घरात धड मोबाईल एकच, माझा. म्हणजे सकाळी तो शाळेत आणि मी यार्डात बिनफोनचा. टीव्हीचं रिचार्ज, लाईट बिल त्याच्याकडूनच भरून घ्यायचो. मला चष्मा शोधायचा कंटाळा. पैशाचा पिन त्याला पाठ होता, कारण मीच सांगितलेला. सप्टेंबरात खातं बघितलं तर ६,४०० रुपये कुठल्याशा बंदुकीच्या खेळात गेलेले, ऐंशी-ऐंशी, शंभर-शंभरच्या तुकड्यांनी. हिरे घेतले होते म्हणे. हिरे! त्या वर्षी आमचा पगार अर्ध्यावर आलेला. मी कानाखाली काढली. अशी काढली की माझ्या आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी थोरला भाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणतो, विश्रामबागला असतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि एक द्यायची हुतीस. त्यो फोन टाक कृष्णंत." त्या रात्री आम्ही दोघे भाऊ लई शहाणे होतो.

पाच महिन्यांनी, रथसप्तमीच्या सुमाराला, बायको आणि पोरगं दादाकडे हळदीकुंकवाला गेलेले. मी यार्डात. दुकानातल्या फोनवर वहिनींचा फोन आला. वहिनी कधी दुकानात फोन करत नाहीत. म्हणाल्या, "भावजी, ओरडू नका. आधी तुमचं बँकेचं कार्ड बंद करा, मग बाकीचं सांगते."

झालं असं होतं. त्या खेळात बोलता येतं, लिहिताही येतं. तिथं कुणीतरी याला फुकट हिरे देतो म्हणून गाठलं. वडिलांच्या कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो मागितला, याने पाठवला. मग मागच्या बाजूचा मागितला, ते तीन आकडे असतात ना, त्यांच्यासाठी. तिथं पोरगं अडखळलं. तर तो म्हणाला, "नाही पाठवलास तर तुझ्या पप्पांना सांगतो, कार्डाचा फोटो तू दिलास म्हणून." पोरगं तीन दिवस जेवत नव्हतं. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय, बायको ओवा देत होती. शेवटी वहिनींच्या स्वयंपाकघरात, तिथं कुणी नाही बघून, त्याने सांगितलं.

त्या माणसाकडे सुरी नव्हती, पिस्तूल नव्हतं. त्याच्याकडे मी होतो. माझ्या नावानेच तो माझ्या पोराला घाबरवत होता, आणि ते नाव मी सप्टेंबरात एका फटक्यात कमावलेलं होतं.

पैसे गेले नाहीत. कार्ड वेळेत बंद झालं. आता असा प्रकार झाला आणि पैसे गेलेच, तर १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी तक्रार नंबरवर, फोन करायचा आणि तो लगेच करायचा, दुसऱ्या दिवशी नाही. हा नंबर माझ्या घरातल्या सगळ्या फोनांत आहे, आईच्या बटणवाल्या फोनात सुद्धा. वहिनींनी दादाला ही गोष्ट वर्षभर सांगितली नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार.

पुढची सूचनाही वहिनींचीच. "चोरून खेळू देण्यापेक्षा सगळ्यांच्या समोर काहीतरी करायला द्या की त्याला." कुपवाडच्या एमआयडीसीत एका ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले होते, त्यातला एक सात हजाराला आणला. बाहेरच्या खोलीत ठेवला, पडद्याचं तोंड दाराकडे. म्हणजे चहा घेऊन जाणारा, पेपर मागायला येणारा, प्रत्येकजण बघणार. दुकानात कॉम्प्युटर नीट करायला येणाऱ्या पोराने त्यात स्क्रॅच टाकून दिलं. एमआयटीच्या लोकांनी २००७ ला आणलेलं, फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र त्याप्रमाणे हलतं, बोलतं. पहिला महिना त्याने त्यातलं मांजर नाचवण्यात घालवला. मला ते पटत नव्हतं, पण गप्प बसलो. गप्प बसणं हे माझं त्या वर्षीचं मोठं काम होतं.

आता सांगलीकराला जुलैत एकच प्रश्न असतो. "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. नमस्कार-चमत्कार नंतर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं होतं आणि आमच्या घरात पाणी होतं. पोराने ते बघितलंय, तेव्हा तो तिसरीत होता. तर २०२१ च्या जुलैत त्याने ठरवलं की आयर्विन पूल करायचा. पुलाचा फोटो पाठीमागे लावला, पुढं एक निळा पट्टा, तो पाणी. रोज पाटबंधारे खात्याने दिलेला आकडा टाकायचा, पाणी तेवढं चढलं पाहिजे.

पहिल्या दिवशी पाणी आभाळातून खाली आलं. आजी हसून हसून बेजार. मग कळलं की त्या पडद्याच्या मध्यावर शून्य असतं, वरच्या टोकाला १८० आणि खालच्या टोकाला वजा १८०. पाचवीतलं पोर ते. वजा संख्या शाळेत सहावीला येतात. रात्री साडेनऊला मला विचारतंय, "पप्पा, शून्याच्या खाली काय असतं?" मी म्हणालो, उधारी. यार्डातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण त्याला कळलं. मग कागदावर हिशेब. पडद्याची उंची ३६०, आपल्याला लागणार साठ फूट, म्हणजे एका फुटाला सहा. वजा १८० पासून सुरू करायचं आणि फुटांना सहाने गुणून त्यात मिळवायचं. चाळीस फूट कुठं येईल? साठवर. पंचेचाळीस? नव्वदवर. हे त्याचं त्याने काढलं. मी फक्त पेन्सिल धरून शेजारी बसलेलो, आणि खरं सांगतो, अर्ध्या वेळा मी त्याच्या मागे होतो. चाळीस ओलांडलं की पट्टा पिवळा, पंचेचाळीसला लाल. आजीचा आवाज त्यात भरून घेतला, "उठा रं, पानी आलं!" लाल झालं की आजी ओरडायची.

आणि मग खरंच पाणी आलं. जुलै संपता संपता. आम्ही दादाकडे गेलो. घरातलं सामान वर चढवताना सगळ्यात आधी कॉम्प्युटर बाहेर काढला, हळदीच्या पोत्यात गुंडाळून. टीव्ही नंतर. तिथं तिसऱ्या रात्री दादा फोन घेऊन बाहेर आला, चेहरा पांढरा. घरच्या ग्रुपवर आलेलं की कोयनेचे दरवाजे पूर्ण उघडलेत, पहाटेपर्यंत इथवर पाणी, जीव वाचवा, सोबत पुलाचा फोटो. दादाने ते आणखी चार ग्रुपवर टाकलं आणि बॅगा भरायला सांगितल्या. लहान पोरं रडायला लागली.

माझा गडी फोन मागून घेतो, तोच फोटो नेटवर आधी कुठं आलाय ते शोधतो आणि म्हणतो, "काका, हा ऑगस्ट २०१९ च्या बातमीतला फोटो आहे." मग वही आणली. संध्याकाळपासनं तासातासाला किती वाढलं ते लिहिलेलं, आणि चढ कमी होत चालला होता. वर शहाणपणा, की कोयनेचं पाणी आधी कराडला येतं, तिथनं इथं पोचायला वेळ लागतो, आणि ज्या मेसेजवर कुणाचं नाव नाही, वेळ नाही, तो खरा कशावरून? दादा म्हणाला, "गप बस. तुला काय कळतंय." पण बॅगा भरायच्या थांबल्या. दादाच्या दारात पाणी आलं नाही. सकाळी तो यावर एक शब्द बोलला नाही, आजतागायत नाही.

उलट पुढच्या वर्षी त्याला नवीन हत्यार मिळालं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. वहिनींचं माहेर त्याच भागात. दादा येता-जाता मला ते ऐकवतो. "बघ, गावंच्या गावं शहाणी झाली, तू पोराला कॉम्प्युटर घेऊन दे." अरे पण दादा, तो भोंगा सगळ्या गावाला आहे! आजोबाला पण आहे, मालिका बघणाऱ्या आईला पण आहे. तू पोरांचे फोन कपाटात टाकतोस आणि स्वतः सोफ्यावर पडून रात्री बारापर्यंत रील बघतोस, आवाज मोठा ठेवून. त्याला भोंगा म्हणत नाहीत. हे मी त्याला तोंडावर तीनदा बोललोय, आता इथं चौथ्यांदा.

आमच्या घरी आम्ही सात ते साडेआठ करून बघितलं. दोन महिने टिकलं. मोडलं ते पोराने नाही, मी. हळदीचे दर रात्रीच येतात, काय करणार?

दादाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वहिनी मला घरात घेणार नाहीत. कपाटात फोन ठेवून वाढलेल्या माझ्या पुतणीला दहावीला ९४ टक्के पडले. माझा आता नववीत आहे, गणितात बरा, मराठीत काठावर, अक्षर डॉक्टरचं. त्यामुळे माझ्या पद्धतीने मार्क वाढतात असं काही म्हणत नाही.

आता तुमचा प्रश्न. आठ वर्षांच्या पोरीला टॅब घेऊ नका, त्या पैशात जुना कॉम्प्युटर आणि एक खुर्ची येते. खुर्ची तुमच्यासाठी. टॅबवर पोरं बघतात, कीबोर्ड पुढं असला की काहीतरी करावं लागतं. टॅब आधीच घेतला असेल तर स्क्रॅचची लहान मुलांची आवृत्ती टॅबवर चालते, ती टाका. गूगलचं फॅमिली लिंक लावा, फुकट आहे, वेळ आणि कुठलं अ‍ॅप घ्यायचं ते तुमच्या हातात राहतं. मीही लावलंय. पोराने ते आजीचा नातेवाइकांसाठी घेतलेला दुसरा फोन वापरून चुकवलं, ते वेगळं. खरेदीला दर वेळी पासवर्ड लागेल असं करून ठेवा. पिन पोरांना सांगू नका, कितीही कंटाळा आला तरी. खऱ्या नावाने, शाळेच्या नावाने कुठं खातं काढू नका, गणवेशातला फोटो टाकू नका. अनोळखी माणसाशी बोलता येईल असा खेळ या वयात नकोच.

आणि तिला आजच सांगून ठेवा, काहीही झालं, चूक तिची असली तरी, आधी तुम्हाला सांगायचं. हे सांगणं सोपं आहे. ती खरंच सांगायला येते तेव्हा पहिली दोन मिनिटं तोंड मिटून बसायचं, ते जमतं का बघा. मला अजून निम्म्या वेळाच जमतं.

करायला काय द्यायचं ते तुमच्या दारात आहे. कोयना तुमचीच, १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं धरण. पावसाळाभर रोजचा साठा लिहून त्याचा आलेख काढायला तिसरीतलं पोर पुरेसं आहे. सप्टेंबरात कासला गेलात तर तिला फुलांचे फोटो काढू दे, घरी येऊन नावं शोधू दे, आणि तिच्या आवाजात प्रत्येक फुलाबद्दल दोन वाक्यं भरून घ्या. आजी असेल तर तिच्या जात्यावरच्या ओव्या. फक्त फोटो काढताना लोकेशन बंद ठेवा, म्हणजे ते कुणाला पाठवले तरी जागा कळत नाही.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही शेजारी जितका वेळ बसू शकता तितका, असं मी घरी म्हणतो, आणि मग मलाच यार्डातून यायला उशीर होतो. पाच वर्षांखालच्यांचं मात्र वेगळं आहे, तिथं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ लाच दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय आणि दोन वर्षांच्या आत काहीच नको म्हटलंय. तुमच्या मुलीला धाकटं भावंड असेल तर त्याच्या हातात जेवताना फोन देऊ नका.

त्या गृहस्थांना मात्र माझं एवढंच विचारणं आहे, तुमच्या घरात वहिनी आहेत का?